वाजणाऱ्या टॅपेटला घाबरू नकोस

भाच्या, जिप्सीला नवा कॅम घातलास, कडक स्प्रिंगा बसवल्यास, एक्झॉस्टचा हेडर बदललास, आणि आता इंजिन टकटक करतंय म्हणून तुझी झोप उडाली आहे. आधी एक गोष्ट मनात पक्की कर. वाजणारा टॅपेट तुला वेळ देतो, मुका झालेला देत नाही. थळच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं उघडण्यात माझं आयुष्य गेलं. ट्रकसाठी बनलेली लेलँडची इंजिनं होडीत बसतात, म्हणजे तीही तुझ्यासारखीच फेरफार केलेली. त्यांतून जळालेले व्हॉल्व्ह मी काढले, ते बहुतेक गुपचूप चालणाऱ्या इंजिनांतून.

त्याचं कारण नीट समजून घे. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप वाढला की रॉकर आपटतो, आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो. गॅप संपला तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. टेकला नाही की तो तापत राहतो, कडेने जळतो आणि कॉम्प्रेशन जातं. हे सगळं होताना बाहेर काही ऐकू येत नाही. म्हणून कुणी ‘आवाज बंद करून देतो’ म्हणत स्क्रू आवळायला आला, तर त्याला बॉनेटला हात लावू देऊ नकोस. जाड ऑइल ओतून आवाज दाबणं हेही तसलंच.

पाना उचलण्याआधी ऑइलची पातळी बघ, प्रेशर बघ. ऑइलचा दिवा लागत असेल तर इंजिन तिथेच बंद कर, टॅपेटचं नंतर.

मग ठेका ऐक. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लोला इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजणार, सेकंदाला साडेसहाच्या आसपास. बेअरिंगची ठोक याच्या दुप्पट घाईची, खोलातून येणारी, आणि लोड पडला की जड होणारी. शंका राहिली तर इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढ, पुन्हा चालू करून ऐक, असं एकेक सिलिंडर तपास. तो सिलिंडर बंद केल्यावर ठोक मवाळ झाली तर दुखणं खाली आहे. टकटक जशीच्या तशी राहिली तर वर, व्हॉल्व्हच्या बाजूला बघ.

तरीही कान फसतो. खांदेरी किल्ल्यावरची ती शिळा तू वाजवून पाहिली आहेस. आहे दगड, पण नाद धातूचा. तसाच हेडरच्या गॅस्केटमधून फुटणारा गॅस हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. तू हेडर बदललायस, म्हणून माझा पहिला संशय तिथेच. इंजिन थंड असताना जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा शोध. मग इंजिन चालू करून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडावरून फिरव, फॅन आणि बेल्टपासून लांब राहून.

जोड स्वच्छ निघाला तर टॅपेट कव्हर उघड, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. चार नंबरचे व्हॉल्व्ह, एक्झॉस्टचे मिटतायत आणि इनटेकचे उघडतायत अशा स्थितीत आले की एक नंबरचे मोजायचे, एकचे तसे आले की चारचे. दोन आणि तीनचीही तशीच जोडी. गॅपचा आकडा मात्र गाडीच्या मॅन्युअलमधला घेऊ नकोस. कॅम बदलला की आकडाही कॅम बनवणाऱ्याच्या कागदावरचा. असे कॅम मुळातच थोडे जास्त वाजतात, सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह सारखे वाजत असतील तर ते इंजिनाचं बोलणं समज. एकच वेगळा वाजतो तो शोधायचा.

तो सापडला, फीलर गेज बरोबर बसतंय आणि तरी वाजतोय? रॉकरचं टोक बघ. घासून तिथे खळगा पडला की सपाट पातं खळग्याच्या कडांवर टेकतं, आत शिल्लक राहिलेला गॅप त्याला कळत नाही. मग स्क्रू कितीही फिरव, आकडा खोटाच येणार. रॉकर बदलावा लागतो, आणि त्याच्या समोरचा कॅमचा लोबही बोटाने चाचपून बघावा लागतो. लोबला खड्डे पडले असतील तर नुसता नवा रॉकर घालू नकोस, तोही लवकरच घासला जाईल.

आवाज फक्त वरच्या रेसला येत असेल तर तो पुन्हा ऐकण्यासाठी रेस देऊ नकोस. स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मिटवत नसेल, तर तो पिस्टनला भेटू शकतो.

बसवलेले सोळाही आकडे वहीत लिही. काही महिन्यांनी पुन्हा मोज, आणि ज्याचा गॅप कमी होत चाललाय त्याची काळजी आधी कर. गेजची पाती तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून ठेव. आपल्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजतात, आणि गंजलेल्या पात्यावर लिहिलेली जाडी खरी राहत नाही.