ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचे दिवे : दोष कसा शोधावा व कसा दूर करावा

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत उसाच्या गाळपाचा हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. फडात मोळ्या भरून होईतो दुपार टळते आणि ट्रॉली कारखान्याच्या रस्त्यास लागते तेव्हा बहुधा अंधार पडलेला असतो. पौषात दिवस लहान आणि पहाटेचे धुके दाट. अशा वेळी भरलेली ट्रॉली ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेली असते व मागून येणारा मोटारसायकलस्वार ताशी ६० किलोमीटर वेगात असतो. दोघांच्या वेगातील फरक सेकंदास साडेबारा मीटर होतो. उसाचा करडा ढीग त्यास आपल्या दिव्याच्या उजेडात ४० मीटरवर ओळखू आला, तरी हाती जेमतेम ३ सेकंद उरतात. मागील दोन तांबडे दिवे पेटलेले असतील तर तोच स्वार कित्येक पट अंतरावरून सावध होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावणे बंधनकारक केले आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा ही ३ सेकंदांची गोष्ट ध्यानात ठेवणे अधिक श्रेयस्कर होय.

ट्रॉलीचे दिवे बंद पडले की प्रथम बल्ब बदलण्याची प्रथा आहे. नवा बल्ब एक-दोन दिवस चालतो, पुन्हा मंद होतो, आणि मग ‘ट्रॉलीचे दिवे असेच असतात’ असे म्हणून तो नाद सोडून दिला जातो. वस्तुतः बल्ब क्वचितच दोषी असतो. बहुसंख्य ट्रॉल्यांचा दोष अर्थच्या जोडणीत, म्हणजे वीज परत जाण्याच्या वाटेत असतो.

बॅटरीपासून निघालेली वीज तारेने दिव्यापर्यंत जाते. परंतु दिवा पेटण्यासाठी ती बॅटरीकडे परत यावी लागते. ट्रॅक्टरवर ही परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडा. ट्रॉलीचा सांगाडा मात्र ट्रॅक्टरपासून वेगळा आहे. त्याची चाके रबराची. दोहोंमध्ये लोखंडास लोखंड लागते ते केवळ हूक आणि पिन या एका ठिकाणी, आणि तेथे ग्रीस, गंज व धूळ यांचा थर बसलेला असतो. शिवाय खड्ड्यांतून जाताना तो सांधा सतत उसळत असतो. अशा सांध्यावर विजेच्या परतीचा भार टाकणे म्हणजे फुटक्या पाटाने पाणी नेण्यासारखे आहे. पाणी निघते पुरेसे, शेवटच्या वाफ्यास पोचत नाही. म्हणून सॉकेटमधून अर्थची स्वतंत्र तार ट्रॉलीस आणणे आवश्यक असते. ती नसेल, तुटली असेल किंवा तिचा बोल्ट गंजला असेल, तर पुढे सांगितलेली चिन्हे दिसू लागतात.

मागील दिवे पेटलेले असताना ब्रेक दाबला की ते उजळण्याऐवजी विझतात किंवा मंदावतात. डावा इंडिकेटर लावला की मागचे सर्व दिवे त्याच्या तालावर लुकलुकतात. ब्रेक दाबताच इंडिकेटर अंधूक पेटतो. ही विचित्र वागणूक पाहून तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असाव्यात असे वाटते व काही जण सारे वायरिंग उपटून नवे करतात. तसे करण्यापूर्वी कारण समजून घ्यावे. परतीची सरळ वाट बंद झाली की वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून वाट शोधते. त्यामुळे ज्याचा संबंध नाही तो दिवा पेटतो आणि ज्याने पेटावे तो मंदावतो. एका दिव्याच्या चालू होण्याने दुसरा दिवा बिघडत असेल, तर प्रथम अर्थच तपासावा.

त्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. ट्रॉली जोडून दिवे लावावेत. एक जाड तार घेऊन तिचे एक टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्यावरील खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टास घट्ट लावावे आणि दुसरे टोक ट्रॉलीच्या बिघडलेल्या दिव्याच्या पत्र्याच्या घरास टेकवावे. घर प्लॅस्टिकचे असल्यास होल्डरच्या अर्थच्या तारेस टेकवावे. दिवा तत्काळ उजळला, तर बल्ब चांगला आहे, पुढची तार चांगली आहे, दोष फक्त परतीच्या वाटेत आहे. काहीच फरक पडला नाही, तर मात्र पुढील तपासास लागावे.

या तपासासाठी चाचणीचा दिवा प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत असावा. १२ व्होल्ट ५ वॉटचा एक बल्ब, एक होल्डर, ३ मीटर लांबीच्या दोन तारा व टोकांस दोन चिमटे, एवढेच साहित्य लागते. बाजारात मीटर स्वस्त मिळतो व त्याचा उपयोगही आहे. परंतु या कामात तो फसवू शकतो. तारेच्या गाभ्यातील सर्व धागे तुटून एकच शिल्लक राहिला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवितो, कारण मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. दिव्यास वीज लागते. म्हणून सडलेली तार दिव्यापुढे उघडी पडते.

प्रथम ट्रॅक्टर निर्दोष आहे की नाही ते ठरवावे. ट्रॉलीचा प्लग काढून ट्रॅक्टरच्या मागील सॉकेटकडे पाहावे. सात पिनांच्या सॉकेटवर बहुधा आकडे कोरलेले असतात. रूढ मांडणीप्रमाणे १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागील दिवा, ६ ब्रेकचा दिवा व ७ डावा मागील दिवा असतो; २ या पिनेचा ट्रॉलीस सहसा उपयोग पडत नाही. तारांच्या रंगांवर विसंबून राहू नये, कारण गावोगावी दुरुस्त्या करताना हाती लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते. चाचणीच्या दिव्याचा एक चिमटा ३ या पिनेच्या जागी धरून दुसऱ्याने क्रमाक्रमाने बाकीच्या जागा तपासाव्यात. ब्रेकसाठी एका माणसास पेडल दाबण्यास बसवावे. सर्व ठिकाणी दिवा पेटला तर ट्रॅक्टरची बाजू ठीक आहे. ३ या जागेवरून पेटत नाही, पण चिमटा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडास लावल्यावर पेटतो, असे झाल्यास सॉकेटची अर्थची तारच सुटलेली आहे. फक्त ब्रेकच्या जागी पेटत नसेल तर पेडलापाशी असलेला लहान स्विच पाहावा. चिखलणीच्या कामात त्यात माती जाऊन तो अडकून बसतो.

त्यानंतर प्लग पाहावा. प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर दिसल्यास पॉलिश पेपरने तो काढावा. पिना दबून बारीक झाल्या असतील, तर ज्या पिनांस मध्ये चीर असते त्यांची चीर चाकूच्या टोकाने किंचित रुंद करावी. प्लगच्या आत तारांचे स्क्रू सैल होण्याचा प्रकार फार आढळतो. प्लग उघडल्याखेरीज तो कळत नाही. हंगामात ट्रॉली सोडून ठेवताना प्लग जमिनीवर लोळत टाकू नये. दांडीवर एक रिकामे सॉकेट बसवून त्यात तो अडकवावा. हे न केल्यामुळे जितके प्लग खराब होतात, तितके रस्त्यावर होत नाहीत.

आता ट्रॉलीवरील तारांचा विचार. एका ट्रॉलीवर ५ वॉटचे दोन मागील दिवे, २१ वॉटचे दोन ब्रेकचे दिवे व २१ वॉटचा एक इंडिकेटर एकाच वेळी पेटले, तर ७३ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह वाहतो. प्रत्येक दिव्याची जाण्याची तार वेगळी आहे, परंतु अर्थच्या तारेतून हा सारा प्रवाह एकट्याने परत येतो. तेथे घरातील दिव्याची अर्धा चौरस मिलिमीटरची तार १० मीटर लांब वापरली, तर सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळालेल्या साध्या बल्बचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी राहते. सबब अर्थची तार अडीच, व बाकीच्या तारा दीड चौरस मिलिमीटरच्या, बहुधागी तांब्याच्या घ्याव्यात. एकाच जाड धाग्याची तार हादऱ्यांनी आतल्या आत मोडते. दोन ट्रॉल्या जोडून नेणाऱ्यांनी मागील ट्रॉलीपर्यंत अर्थची तार याहून जाड न्यावी. पुढील ट्रॉलीच्या हूकवर तिची भिस्त ठेवू नये.

अर्थची तार ट्रॉलीच्या सांगाड्यास जेथे जोडावयाची तेथील रंग व गंज लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासावा. तारेस लग दाबून बसवावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावावा. क्रम उलटा होऊ नये.

तारेचे दोन सांधे पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती कोरड्या घरात चालते. ट्रॉलीच्या खाली उसाचा रस, चिखल, खताचे कण आणि धुण्याचे पाणी पट्टीखाली शिरते. तांबे काळे-हिरवे होते आणि ही कीड आवरणाच्या आतून वर चढत जाते. अशी तार चमकदार तांबे लागेपर्यंत कापावी, मगच जोडावी. सांध्यास कथलाचा डाग द्यावा किंवा धातूची नळी दाबून बसवावी, व वरून उष्णतेने आवळणारी रबरी नळी चढवावी. सांध्यांची संख्या जेवढी कमी तेवढे बरे.

तारा दांडीवर बांधताना वळणाचा विचार करावा. ट्रॅक्टर पूर्ण वळवून तार ताणली जात नाही व सरळ चालताना जमिनीस घासत नाही, असे पाहूनच बंद आवळावेत. मागे उलटणाऱ्या ट्रॉलीत बिजागरीपाशी तार चिमटण्याची शक्यता असते. हौदा एकदा पूर्ण वर उचलून खात्री करावी. हंगामापूर्वी ट्रॉलीस वेल्डिंग करून घेण्याची रीत आहे. त्या वेळी प्लग काढलेला असलाच पाहिजे, अन्यथा वेल्डिंगचा प्रवाह अर्थच्या तारेतून जाऊन वायरिंग जाळतो.

बल्बविषयी थोडे सांगणे पुरे. मागील दिवा व ब्रेक यांचा एकच बल्ब असेल तर त्यात दोन तारा असतात व त्याच्या बाजूचे खुंटे खालीवर असतात. तो जबरदस्तीने उलटा बसविल्यास मागील दिवा प्रखर पेटतो आणि ब्रेकचा मंद. इंडिकेटर भलत्याच वेगाने लुकलुकू लागला किंवा स्थिर पेटून राहिला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असे समजावे. एलईडी दिवे वीज कमी घेतात व हादऱ्यांत टिकतात, म्हणून ते बसविणे इष्टच. मात्र त्यांस धन व ऋण टोकांचा भेद असतो, आणि जुन्या फ्लॅशरवर एलईडी इंडिकेटरची लुकलुक बिघडू शकते. अर्थ सदोष असेल तर एलईडीही नीट चालणार नाहीत.

फ्यूज वारंवार जात असेल तर त्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालणे हा अत्यंत घातक उपाय होय. फ्यूज वाचतो आणि तार तापते. त्या तारेवर वाळलेले पाचट लोंबत असते, हे विसरू नये. फ्यूज काढून त्या जागी २१ वॉटच्या बल्बचा चाचणीचा दिवा जोडावा व ट्रॉलीवरील बल्ब काढून ठेवावेत. दिव्यांचा स्विच चालू केल्यावर चाचणीचा दिवा पूर्ण पेटला तर तार कोठेतरी लोखंडास लागली आहे. प्लग काढताच तो विझला, तर दोष ट्रॉलीत. मग प्लग पुन्हा लावून तार हाताने हलवीत मागे जावे. जेथे हात लागताच दिवा विझतो, तेथेच आवरण घासलेले सापडते.

दिवे उत्तम पेटत असूनही ते दिसत नाहीत, असाही प्रसंग नेहमीचा आहे. मोळ्या मागे लोंबतात व वाढे दिव्यांवर येतात. ट्रॉली भरून झाल्यावर चालकाने दहा-पंधरा पावले मागे जाऊन पाहावे, आणि दिवे झाकले जात असतील तर ते खालच्या आडव्या पट्टीवर, परंतु दोन्ही कडांच्या जवळ, बसवून घ्यावेत. मधोमध लावलेला एकच दिवा दुरून मोटारसायकलचा वाटतो. मागील फळीवर तांबडी परावर्तक पट्टी असावीच. तिला तार नाही, बॅटरी नाही, पण ती पुसावी मात्र लागते. चिखलाने माखलेली पट्टी असून नसल्यासारखी.

वाटेत दिवे गेलेच तर ट्रॅक्टर रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावा. परावर्तक त्रिकोण किंवा विजेरी बरीच मागे ठेवावी आणि एका माणसास तेथे उभे करावे. चाकांस लावलेले दगड निघताना रस्त्यावरच टाकून जाण्याची सवय आपल्याकडे आहे. ते उचलून बाजूस टाकल्याशिवाय चालकाने जागेवर बसू नये.

हंगाम संपल्यावर ट्रॉली धुऊन वाळू द्यावी, बल्ब काढून होल्डरांतील स्प्रिंगांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा आणि प्लग पाण्यापासून सुरक्षित अशा ठिकाणी वर अडकवावा. तारा पत्र्याच्या किंवा जाड रबराच्या नळीत नसतील तर पावसाळ्यात उंदीर त्या कुरतडतात. ही नळी बसविण्याचे काम ट्रॉली रिकामी असते त्याच महिन्यांत उरकून घ्यावे.