एकच गोळी, परिणाम मात्र निराळे!



दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला विचारले, "सर, माझ्या आईला आणि शेजारच्या काकांना नैराश्याच्या आजारावर डॉक्टरांनी एकच गोळी दिली आहे, मात्राही तेवढीच. काका दीड महिन्यात कामाला लागले. आईला मात्र भोवळ येते, मळमळते. घरातले म्हणतात, हिच्याच मनात बरे व्हायचे नाही. हे खरे असेल का?"

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. औषध देणे हे माझे काम नव्हे. पण या प्रश्नाचा एक भाग चक्क हिशेबाचा आहे. तो आपण सोडवून पाहू.

पाऊस सारखा, उघाडी निराळी

बेलापूर पट्टीतील खाजणातली भातशेती तुमच्या आजोबांनी पाहिली असेल. शेतात साचलेले पावसाचे जादा पाणी ओहोटीच्या वेळी बांधातील उघाडीतून खाडीत सोडत. दोन शेतांवर पाऊस सारखाच पडला, तरी जिथे उघाडी अरुंद तिथे पाणी तुंबणार आणि जिथे रुंद तिथे ते टिकणार नाही. गोळी म्हणजे हा पाऊस, आणि औषधाचे रूपांतर करून त्याला शरीराबाहेर जाण्यास मदत करणारी यकृतातील विकरे म्हणजे उघाडी.

आता आकडे घेऊ. ते केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, तिघे जण रोज १० मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. पहिल्याचे शरीर दिवसभरात साठ्यातील निम्मे औषध काढून टाकते. पहिल्या गोळीनंतर साठा १०. दुसऱ्या दिवशी उरलेले ५ अधिक नवे १०, म्हणजे १५. मग १७.५, १८.७५ असे होत तो २० च्या जवळ स्थिरावतो. कारण २० चे निम्मे १०, म्हणजे जेवढी आवक तेवढीच जावक. दुसऱ्याचे शरीर रोज फक्त एक-पंचमांश औषध काढते. त्याचा साठा १०, १८, २४.४ असा चढत ५० च्या जवळ जातो. तिसऱ्याचे शरीर चार-पंचमांश काढते. त्याचा साठा १२.५ च्या पुढे जातच नाही. गोळी एकच, पण साठे २०, ५० आणि १२.५!

उघाडीचा नकाशा जनुकांत

विकरे कशी घडवायची याचा आराखडा जनुकांत असतो. नैराश्यावरील अनेक औषधांच्या बाबतीत दोन विकरे महत्त्वाची आहेत: सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९. पहिल्याचे जनुक २२ व्या गुणसूत्रावर आहे, दुसऱ्याचे १० व्या. प्रत्येक जनुकाची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तर औषध फार हळू निघते.

हे कसे कळले? १९६९ साली स्वीडनमधील संशोधकांनी जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील औषध देऊन रक्तातील प्रमाण मोजले. एकसारख्या जुळ्यांत ते जवळजवळ सारखे आढळले, भिन्न जुळ्यांत मात्र बराच फरक दिसला. पुढे १९७५ साली लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ या शास्त्रज्ञाने रक्तदाबावरील डेब्रिसोक्विन हे औषध प्रयोगासाठी स्वतः घेतले. त्याच्या सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही, पण स्मिथचा रक्तदाब एकदम घसरला. या धाग्यावरून शोध घेत शास्त्रज्ञ सीवायपी२डी६ पर्यंत पोहोचले. नॉरट्रिप्टिलिनचे रूपांतर करणारे विकरही हेच.

उलट उदाहरणही आहे. १९८५ साली स्वीडनमधील एका रुग्ण स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला नॉरट्रिप्टिलिनची मात्रा दिवसाला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या कित्येक पट वाढवावी लागली होती. १९९३ साली कारण उलगडले: तिच्याकडे या जनुकाची जादा प्रत होती. एका उघाडीच्या जागी जणू दोन!

नॉर्वेतील २,०८७ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या या रुग्णांपैकी ज्यांचे सीवायपी२सी१९ निकामी होते, त्यांच्या रक्तात औषध इतरांच्या ३.३ पट आढळले. वर्षभरात औषध बदलावे लागण्याचे प्रमाण अतिमंद आणि अतिजलद अशा दोन्ही गटांत सुमारे तिप्पट होते. साठा फार झाला तरी पंचाईत, फार कमी पडला तरी पंचाईत.

आपल्याकडे काय?

युरोपीय लोकांत सीवायपी२सी१९ निकामी असणारे शेकडा दोन-तीन असतात. भारतीयांत ते शेकडा दहाहून अधिक आढळतात. सीवायपी२डी६ च्या बाबतीत स्थिती उलट आहे. म्हणून परदेशातील अनुभव जसाच्या तसा येथे लावता येत नाही, आपली मोजमापे आपणच घ्यावी लागतात. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी पश्चिम भारतातील निरोगी प्रौढांवर असा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. खोकल्यावरील डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध देऊन, मूळ औषध किती उरले आणि किती रूपांतरित झाले यांचे गुणोत्तर काढायचे, ही त्यामागील कल्पना.

मात्र जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. वय, यकृताचे आरोग्य, सोबतची इतर औषधे यांनीही साठा बदलतो. शिवाय साठा योग्य असला तरी मेंदूवर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि तोही प्रत्येकाचा सारखा नसतो. जनुकांच्या चाचणीने मात्रा ठरवण्यास मदत होते. कोणते औषध नक्की लागू पडेल हे तिच्यावरून सांगता येत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, "आईच्या त्रासाचे कारण जनुकेच आहेत असे मी म्हणणार नाही, ते डॉक्टर पाहतील. पण गोळी सोसत नाही म्हणजे मनात नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. गोळी परस्पर बंद करू देऊ नकोस, काकांची चिठ्ठी पाहून मात्रा बदलू नकोस. त्रास कोणत्या दिवसापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी होतो, ते कागदावर लिही आणि आईबरोबर डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येते."

करून पाहा: शरीर रोज साठ्याचा एक-चतुर्थांश काढत असेल, तर १० मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने साठा कोठे स्थिरावेल? तेथे पोहोचल्यावर एक दिवस गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशीच्या गोळीनंतर तो किती असेल?