शोभेची बाजरी : लागवड आणि निगा

आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात बाजरीच्या पेरणीचे दिवस साधारणतः हेच. विश्रांतवाडीत शेतांची जागा आता वसाहतींनी घेतली आहे. तथापि शाळेच्या आवारात वा कुंपणाच्या कडेला हे तृणधान्य शोभेसाठी लावता येते. बाजरी हे मुळात एक वर्षायू गवतच होय. जांभळट-काळ्या पानांचे 'पर्पल मॅजेस्टी' हे तिचे संकरित वाण अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात तयार झाले व २००३ साली त्या देशातील पुष्पवाणांच्या स्पर्धेत सुवर्णपदकास पात्र ठरले.

पाण्याचा निचरा होणारी, दिवसभर उन्हाची जागा निवडावी. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल टोकावे. उबदार हवेत ते चार-पाच दिवसांत उगवते. दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर असावे. कुंडीत वा पिशवीत तयार केलेली रोपे मुळे गुंतण्यापूर्वीच जमिनीत लावावीत. विलंब झाल्यास रोप खुरटते आणि अकालीच कणीस टाकते. चांगल्या जमिनीत झाड एक ते दीड मीटर उंच होते. नत्र बेताने द्यावे, अन्यथा झाडे लोळतात.

लावणाऱ्याची निराशा बहुधा रंगाबाबत होते. रोपे प्रथम हिरवीच असतात. प्रखर उन्हातच त्यांना जांभळा रंग चढतो. इमारतीच्या सावलीत ती अखेरपर्यंत हिरवी राहतात, आणि दोष मात्र बियाण्यास दिला जातो!

खरी दक्षता हवी ती रोगाविषयी. १९६५ साली प्रसृत झालेल्या 'एच.बी.-१' या संकरित बाजरीने देशात उत्पादनवाढीची मोठी आशा निर्माण केली. परंतु १९७१च्या सुमारास गोसावी रोगाच्या साथीने तिची दाणादाण उडविली. एकसारख्याच मादी वाणावर आधारलेले संकरित पीक सर्वत्र पसरल्याने रोगास मोकळे रान मिळाले होते. या रोगात पाने पिवळी पडतात, त्यांच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसते आणि कणसात दाण्यांऐवजी पानांसारखी वाढ होते. रोगाची बीजे मातीत दीर्घकाळ टिकत असल्याने असे झाड दिसताच उपटून जाळावे. खताच्या खड्ड्यात टाकू नये. बाग शहरातील असली तरी हा नियम शिथिल करण्याचे कारण नाही, कारण रोगाचे बीजाणू वाऱ्यानेही पसरतात.

बाजरीच्या कणसावर स्त्रीकेसर प्रथम बाहेर येतात, परागकोश काही दिवसांनी. साहजिकच परपरागीभवन होते. शिक्षकांनी ही घटना विद्यार्थ्यांना भिंगातून अवश्य दाखवावी. ज्या गावी बाजरीचे बीजोत्पादन चालते, तेथे पंचायतीने शोभेची बाजरी लावू नये. तिच्या परागामुळे बियाण्याची शुद्धता बिघडते. घरचे बी पुढील वर्षी पेरल्यास सर्व झाडे मूळ वाणासारखी निपजत नाहीत, म्हणून संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे. औषध चोळलेले उरलेले बी मुलांच्या हाती लागू देऊ नये. कणसांवर मधासारखा चिकट द्रव दिसल्यास तो अरगट रोग समजावा. ही कणसे विषारी असल्याने गुरांना वा पाखरांना घालू नयेत. निरोगी कणसे मात्र झाडावरच ठेवावीत, चिमण्या ती आपणहून शोधून काढतात.