मोबाइल मोडेम आणि आयपी पत्ता

दुकानाचे हिशेब, वखारीतील मालाची नोंद आणि गाडी निघाल्याची वर्दी ही सर्व कामे आता संगणकावरून होतात. आणि जेथे तारेचे इंटरनेट पोचलेले नाही तेथे सिमकार्ड घातलेला लहानसा मोडेम ती कामगिरी बजावतो. मोडेमचा दिवा लागतो, सिग्नलही भरपूर दिसतो, परंतु बिल काही पुढे जात नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे मूळ पुष्कळदा आयपी पत्त्यात असते. यास्तव व्यापारी बंधूंनी तो प्रकार थोडा समजून घेणे इष्ट होय.

मोबाइल कंपनीचे जाळे हे धर्मशाळेसारखे आहे. मोडेम दाराशी येऊन एपीएन हे नाव सांगतो, आणि जाळे त्यास त्या मुक्कामापुरती एक खोली देते. ती खोली म्हणजेच आयपी पत्ता. जोडणी तुटून पुन्हा जुळली की खोली बहुधा बदलते. आता हा पत्ता मोडेमकडून संगणकापर्यंत तीन वाटांनी पोचतो. पहिली वाट जुन्या पीपीपी पद्धतीची. दुसरीत संगणक डीएचसीपीने विचारतो व मोडेम उत्तर देतो. तिसरीत पत्ता नियंत्रणाच्या वेगळ्या मार्गाने कळविला जातो, आणि तो जाळ्याच्या इंटरफेसवर लिहिण्याचे काम संगणकाकडे राहते.

लिनक्समधील मोडेममॅनेजर या तिसऱ्या वाटेला ‘स्टॅटिक’ म्हणतो, आणि येथेच भलेभले फसतात. स्टॅटिक म्हणजे कायमचा, असे समजून आज दिसलेला पत्ता हाताने कायम लिहून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी मोडेमला नवा पत्ता मिळतो, संगणक मात्र जुन्याच पत्त्याने पत्रे धाडीत राहतो. ज्याला जी खोली दिली त्याच खोलीचे पत्र बाहेर सोडायचे, असा कंपनीच्या दरवाजाचा सामान्य नियम असल्यामुळे ती पत्रे टाकून दिली जातात. दिवा लागलेला, उत्तर मात्र नाही! प्रत्येक जोडणीनंतर पत्ता, गेटवे, डीएनएस व एमटीयू नव्याने वाचून लिहिणे हाच खरा मार्ग. हे काम नेटवर्कमॅनेजरवर सोपवून मांडणी ‘स्वयंचलित’ ठेवावी. हाताने लिहिण्याची हौस येथे कामाची नाही.

दुसरी अडचण पत्त्यांच्या टंचाईची. चौथ्या आवृत्तीचे पत्ते सारे मिळून ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवितात. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा टापू २०१२ साली खास याच वाटणीसाठी राखला गेला. आपल्या मोडेमवर असा किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वखारीतील कॅमेरा घरून थेट पाहता येणार नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही साधत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा, अथवा वखारीतूनच बाहेर व्हीपीएनची वाट काढावी. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ बिटांचा असल्याने तेथे ही टंचाई नाही.

काही मोडेम स्वतःच लहान राउटर असतात व संगणकाला १९२.१६८.१ च्या मालिकेतला पत्ता देतात. दुकानातील राउटरही त्याच मालिकेत असला की दोघांची गल्लत होते. एकाची मालिका १९२.१६८.५० अशी बदलावी.

तार व मोबाइल दोन्ही जोडलेले असता ज्याचा मेट्रिक आकडा लहान तो मार्ग आधी घेतला जातो. नेटवर्कमॅनेजर सामान्यतः तारेला १०० व मोबाइलला ७०० देतो, आणि ते योग्यच आहे. मात्र राउटर चालू असून त्यापुढची लाइन बंद पडली, तर पुढची तपासणी लावलेली नसल्यास संगणकास तार शाबूतच वाटते. अशा वेळी तारेची पिन काढून ठेवावी, म्हणजे काम मोबाइलवर सुरू होते.