सांधेदुखी व कंबरदुखी : शस्त्रक्रियेवांचून होण्याजोगे उपाय

बैलाचा खांदा सुजला तर कोणताही जाणता शेतकरी त्यास जुंपीत नाहीं. तो जूं तपासतो, खांदा शेकतो, आणि सूज उतरल्यावर बैलास प्रथम हलकें काम देतो. हीच सावधगिरी तो स्वतःच्या गुडघ्यास व कंबरेस मात्र दाखवीत नाहीं. दुखणें असह्य होईपर्यंत अंगावर काढावयाचें, आणि मग एकदम शस्त्रक्रियेसाठीं शेत गहाण टाकून शहराची वाट धरावयाची, असे प्रसंग खेडोपाडीं दिसतात. या दोन टोकांच्या मध्यें थोड्या खर्चाचे पुष्कळ उपाय आहेत. त्यांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. निवृत्तीनंतर वडिलार्जित शेतांत वांकून काम करूं लागतांच कंबर धरली. दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चार महिने रोज घेतल्या. काम चालू राहिलें. परंतु पुढें पाय सुजूं लागले, आणि रक्ताच्या तपासणींत मूत्रपिंडांवर ताण पडल्याचें निघालें. डॉक्टरांनीं गोळ्या तत्काळ बंद करविल्या. तेव्हां कचेरींतील एक जुना भेद ध्यानांत आला. दुष्काळांत साऱ्याची तहकुबी होते, क्वचित् सूट मिळते. तहकुबींत वसुली पुढें जाते, देणें उभेंच राहतें. गोळी ही दुखण्याची तहकुबी आहे, सूट नव्हे.

या गोळ्यांत डायक्लोफिनॅक हें नेहमींचें औषध होय. तें पूर्वीं गुरांनाहि टोंचीत असत. औषध दिलेलीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि आपल्या आकाशांतून तीं जवळजवळ नाहींशीं झालीं. म्हणून २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्याचा वापर बंद केला. मनुष्यास हें औषध गिधाडाहून पुष्कळ अधिक सोसतें. तथापि रक्तदाब, मधुमेह, पोटांतील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें तें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये, आणि इतरांनींहि महिनोन्‌महिने घेऊं नये. दोन दिवसांत गुण देणाऱ्या निनांवी चूर्णांपासूनहि सावध असावें. अशा कांहीं चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे.

आतां उपायांकडे वळूं.

(१) हालचाल. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला म्हणजे भोंवतालचा रस तिच्यांत जातो-येतो, आणि त्यावरच तिचें पोषण होतें. म्हणून एक-दोन दिवसांहून अधिक काळ अंथरूण धरणें हितावह नाहीं. नवी कंबरदुखी बहुधा चार-सहा आठवड्यांत पुष्कळ कमी होते. रोज सपाट जमिनीवर अर्धा तास चालावें. एकदम न जमल्यास दहा-दहा मिनिटें चालावें.

(२) स्नायूंचें बळ. गुडघ्यासाठीं खुर्चीवर ताठ बसावें, एक पाय सरळ करून मांडी घट्ट धरावी, पांचपर्यंत मोजावें, व पाय सावकाश खालीं आणावा. प्रत्येक पायानें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ करावें. कंबरेसाठीं उताणें निजून गुडघे वांकवावे, तळपाय जमिनीस टेकावे, कंबर सावकाश उचलून पांचपर्यंत मोजावें व खालीं यावें. हेंहि दहा वेळां. दुसऱ्या दिवशीं दुखणें वाढलेलें राहिल्यास संख्या निम्मी करावी. शक्य तर फिजिओथेरपिस्टाकडून एकदां रीत पाहून घ्यावी.

(३) वजन. स्थूल मनुष्याचें वजन एक किलो उतरलें, तर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो.

(४) कामाची रीत. खुरपणी उकिडवें बसून न करितां लहान पाटावर बसावें. जेथें ओळी आहेत तेथें उभ्यानें सायकल कोळपें चालवावें. पोतें दोघांनीं उचलावें. ओझें अंगाजवळ धरून गुडघ्यांत वांकावें, कंबरेंत नव्हे. शौचास उंच बैठक केल्यास गुडघ्यांस मोठा आराम पडतो.

(५) शेक व मलम. मिठाच्या पुरचुंडीनें शेकल्यास आराम वाटतो. गुडघ्यावर चोळावयाचें वेदनाशामक मलम पोटांतील गोळीहून निर्धोक असतें. कंबरेचा पट्टा व वजनें लावून ओढण्याचा उपचार यांवर पुष्कळ पैसा जातो; परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत व्यायामाचा पुरस्कार असून या दोहोंची शिफारस नाहीं.

मात्र कांहीं दुखणीं थांबण्याचीं नव्हेत. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणें, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणें, पायांतील शक्ति जाणें, यांत तासांचाहि विलंब लावूं नये. ज्वर व वजन घटण्यासह कंबर दुखल्यास क्षयाची तपासणी करावी. बोटांचे सांधे सुजून सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक आंखडत असतील, तर तो आमवात असूं शकतो; त्यास वेळींच औषध न मिळाल्यास सांधे वांकडे होतात, व तेथें केवळ व्यायाम पुरत नाहीं.

शस्त्रक्रियेचा निषेध करण्याचा येथें हेतु नाहीं. वरील उपाय मनापासून करूनहि गुडघा झोंप लागूं देत नसेल व घरांतल्या घरांत चालवत नसेल, तर सांधा बदलणें हा उत्तम उपाय आहे. परंतु वयपरत्वें मणक्यांची झीज चित्रांत बहुतेकांचीच दिसते, कांहींहि न दुखणाऱ्यांचीहि दिसते. तेवढ्यावरून कोणीं शस्त्रक्रियेस तयार होऊं नये. दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत अवश्य घ्यावें.

व्यायामाचा गुण सहा ते बारा आठवड्यांनीं दिसूं लागतो. पहिला महिना लेखकासहि निष्फळ वाटला. तिसऱ्या महिन्यांत मात्र एक प्रहर शेतांत काम करून कंबरेस हात न लावतां घरीं येतां आलें. पेरल्यापासून कणीस दिसेपर्यंत धीर धरणाऱ्या आमच्या बांधवांस एवढा धीर जड जाऊं नये.