शिंग नव्हे, अंगठा!

डायनोसॉरची नवी प्रतिकृती निघणार असे जाहीर होताच संग्राहक मंडळी तिच्या चित्राची कसून चिकित्सा करतात : मनगटे योग्य दिशेस वळली आहेत काय? शेपूट जमिनीवर लोळत तर नाही ना? खेळण्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आम्ही इग्वानोडॉनची हकीकत सांगू.

१८२५ साली गिडियन मँटेल या इंग्रज वैद्यांनी काही दातांवरून या प्राण्याचे नामकरण केले. टोकदार असे एक हाड सापडले, ते त्यांनी नाकावरचे शिंग मानले. तदनुसार हॉकिन्स या शिल्पकाराने घडविलेले भव्य पुतळे १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात उभे राहिले. पुढे १८७८ मध्ये बेल्जममधील बेर्निसारच्या कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे पूर्ण सांगाडे मिळाले आणि उलगडा झाला. ते शिंग हाताचा अंगठा होता!

पुतळे मात्र अद्याप तेथेच आहेत. आम्हांस ते हास्यास्पद वाटत नाहीत. उपलब्ध पुराव्यावर ते प्रामाणिकपणे घडविले गेले. नवा पुरावा येताच विद्वानांनी मत बदलले. विद्यार्थीमित्रहो, वहीतील चूक खोडून लपवू नका. ती कशामुळे उमगली, हे ध्यानात ठेवा.