‘लहान आहे, विसरून जाईल’

घरात मोठे भांडण झाले, मारहाण झाली किंवा अचानक कुणाचा मृत्यू झाला, की कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे पाहून वडीलधारी माणसे म्हणतात, “लहान आहे, विसरून जाईल.” मूल तो प्रसंग कदाचित विसरेलही. पण त्या भीतीचा ठसा त्याच्या वाढत्या मेंदूवर राहू शकतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लालबाग-परळचे भोंगे थांबले. संप वर्षभराहून अधिक चालला आणि हजारो कामगारांना पुन्हा काम मिळालेच नाही. कित्येक बिऱ्हाडे कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे गावी परतली. या संपाची चर्चा होते ती पगाराची आणि युनियनची. चाळीतल्या मुलांची फारशी होत नाही. पाळीच्या वेळेवर घरी येणारे वडील दिवसभर भिंतीला टेकून बसू लागले. उधारी वाढली, भांडी विकली गेली, काही घरांत दारू शिरली. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाला भांडणापासून दूर जायला दुसरी खोलीही नव्हती. त्या वेळी पाळण्यात असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत.

मेंदूत काय घडते?

जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे पाव असते. पाच-सहा वर्षांपर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचते. या काळात मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून पडतात.

भीती वाटली की शरीरात अॅड्रिनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. छाती धडधडते, स्नायू ताठरतात. थोड्या वेळाचा ताण बाधत नाही. लस टोचली, मूल रडले, आईने उचलून घेतले की शरीर पूर्ववत होते. परंतु भीती रोजचीच असेल आणि जवळ घेणारे कुणी नसेल, तर ही संप्रेरके वारंवार वाढत राहतात. मेंदूतील धोक्याची घंटा वाजवणारा बदामाच्या आकाराचा भाग, अमिग्डाला, अतिसावध होतो. स्मरण व शिकणे सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर परिणाम होतो. संयम व विचार यांचे काम करणारा कपाळामागील भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्याचीही घडण अडखळते.

ओळखावे कसे?

सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होणे, झोपेत दचकणे, भांडे पडले तरी घाबरणे, कारण न सापडणारी पोटदुखी, अभ्यासात एकाएकी मागे पडणे, मारकुटेपणा किंवा अगदी गप्प होणे. अशा मुलाला आपण ‘हट्टी’ किंवा ‘मठ्ठ’ ठरवतो आणि मार देऊन त्याच्या भीतीत भर घालतो.

परिणाम बालपणापुरते राहतीलच असे नाही. अमेरिकेत डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बालपणी जितक्या अधिक प्रकारचे आघात, तितके मोठेपणी नैराश्य, दारूचे व्यसन व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले.

मेंदू सावरतोही

हे सारे अटळ नाही. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० सालापासून अनाथालयातील १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काहींना कुटुंबांत ठेवण्यात आले. वयाच्या दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांची माया लावण्याची क्षमता आणि मेंदूतील विद्युतलहरी अधिक चांगल्या सुधारल्या. उशिरा घर मिळालेल्यांनाही काही बाबतींत फायदा झाला.

गिरणगावातल्या चाळींनी हे औषध आपल्या परीने दिले होते. भांडण पेटले की शेजारची काकू मुलाला आपल्या खोलीत नेई, जेवू घालून झोपवी. असे एक जरी भरवशाचे मोठे माणूस जवळ असले, तरी ताणाचे विष बरेच उतरते.

पालकांनी एवढे करावे

१. मुलासमोर मारहाण नको. मुलाला तर नकोच.
२. जेवणाची, झोपेची वेळ शक्यतो एक ठेवावी. ठरलेला दिनक्रम मुलाला धीर देतो.
३. “रडू नकोस” म्हणण्याऐवजी जवळ घ्यावे आणि “घाबरलास ना?” असे विचारावे. घडले ते सोप्या शब्दांत खरे सांगावे.
४. भांडण झालेच, तर नंतर “यात तुझी चूक नव्हती” हे आवर्जून सांगावे. पुष्कळ मुले दोष स्वतःकडे घेतात.
५. लक्षणे महिनाभर टिकली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलावर अत्याचार होत असल्यास १०९८ वर कळवावे.

शेजारच्या घरात आरडाओरडा ऐकू आला, तर तिथल्या मुलाला तेवढ्या वेळापुरते आपल्या घरी बोलवावे. त्याला काही विचारू नये. जेवायला वाढावे आणि जवळ बसावे.